ईशान्येला बोटभर उतार

"लोखंडच हाय की अण्णा. जरा लाल केलं की ऐकंल."

गॅरेजचे जुने मिस्त्री संपतदादा भिंतीपलीकडून म्हणाले. मी अलीकडे काउंटरवर जॉबकार्ड भरत होते.

"मग ऐकव की," मालक अण्णा म्हणाले. "म्हातारा-म्हातारी जेवायला गेलीत. ती यायच्या आत कागद हिरवा पाहिजे."

लाल करायचा होता तो एका जुन्या ॲम्बॅसिडरचा लोअर आर्म, म्हणजे पुढचं डावं चाक गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा खालचा हात. गॅसच्या टॉर्चने तो तापवायचा, जॅक लावून केसभर वाकवायचा, थंड होऊ द्यायचा, वर काळा रंग मारायचा. मग मशीनच्या स्क्रीनवरचा लाल चौकोन हिरवा होतो आणि छापलेला कागद गिऱ्हाइकाच्या हातात देता येतो.

त्या हातात काहीही दोष नव्हता. हे मला माहीत होतं आणि संपतदादांनाही माहीत होतं. अण्णांना माहीत नव्हतं, कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड मलाही होतं आणि चार महिने मी ते उघडलं नव्हतं.

मला अजून त्या दिवसाचा राग येतो. म्हणून लिहिते आहे. मला बोलता येत नाही तेव्हा लिहिता येतं, ही सवय शाळेपासूनची आहे.

व्हील अलाइनमेंट हा शब्द रस्त्याकडेच्या प्रत्येक टायरच्या दुकानावर लिहिलेला असतो, पण ते काय असतं हे विचारलं तर बहुतेक गाडीवाले "चाकं सरळ करणं" एवढंच सांगतात. सरळ कशाला धरून, ते सांगत नाहीत. आरशासमोर उभं राहा. पावलांची टोकं एकमेकांकडे वळवा, मग बाहेर वळवा. चाकांचंही तसंच असतं. त्याला टो म्हणतात. आता घोटे आत किंवा बाहेर कलते करून बघा. चाक समोरून पाहिलं तर त्याचं डोकं आत झुकलंय की बाहेर, तो कॅम्बर. तिसराही एक कोन असतो, पण या हकिगतीत त्याचं काम नाही. टो बिघडला तर टायर घासतात. दोन बाजूंचे कॅम्बर सारखे नसले तर गाडी एका बाजूला ओढते, आणि हायवेवर तासभर स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाचा खांदा भरून येतो.

आमच्याकडचं मशीन जुन्या पद्धतीचं होतं. चारही चाकांवर एकेक सेन्सर बसवायचा आणि स्क्रीनकडे बघायचं. या मशीनला गाडी कळत नाही, रस्ताही कळत नाही. त्याला फक्त उभं आणि आडवं कळतं. म्हणून गाडी ज्या जमिनीवर उभी करायची ती जमीन पाण्यासारखी सपाट हवी. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात हे पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलेलं आहे. इंग्रजीत आहे, आणि ते पुस्तक प्लॅस्टिकमधून बाहेर काढणारी मी पहिली.

गॅरेज सांगलीबाहेर, इस्लामपूरच्या रस्त्याला. मी साताऱ्याची. इंग्रजी माध्यमात शिकले, मग ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला. पहिल्या दिवशी मी पाना मागताना "प्लीज" म्हणाले. तेव्हापासून संपतदादांनी मला नावाने हाक मारली नाही. "ए कॉन्व्हेंट, जॅक आण." "कॉन्व्हेंट, आज डब्यात काय सँडविच का?" डब्यात नेहमी भाकरीच असायची. मी उत्तर देत नसे. उत्तर सुचायचं, पण ते घरी गेल्यावर.

संपतदादा मूळचे आटपाडीकडचे. वडील मेंढरं घेऊन हिंडायचे, हे मात्र लहानपणीच हायवेच्या एका गॅरेजात शिरले ते तिथेच राहिले. त्यांच्या हातात विद्या आहे, हे मी रागात असूनही लिहिते. सुतळी बांधून टो कसा मोजायचा, ते मला त्यांनीच शिकवलं. गाडीच्या दोन्ही अंगांना मागच्या चाकांना धरून सुतळ्या ताणायच्या आणि पुढच्या चाकाच्या कडांपासून सुतळीचं अंतर पट्टीने मोजायचं. टोला तेवढं पुरतं. "मशीन बंद पडलं तर काय गिऱ्हाइकाला परत धाडणार व्हय?" असं म्हणत त्यांनी तीन दुपारी माझ्यासाठी घालवल्या.

तर, जमीन.

मी यायच्या वर्षभर आधी अण्णांचं दुकान मंदावलं होतं. त्यात ते जिन्यावरून पडून पाय मोडून बसले. कुणीतरी वास्तूच्या जाणकाराला आणलं. त्याने सांगितलं की गाडीखाली उतरायचा खड्डा नैऋत्येला आहे, हेच सगळ्याचं मूळ. खड्डा बुजवा, मशीन पूर्वेकडच्या भागात न्या, गाडीचं तोंड पूर्वेला करा, आणि नव्या फरशीला ईशान्येकडे बोटभर उतार द्या. गवंडी प्रामाणिक होता. त्याने बोटभर म्हणजे बोटभरच दिला. मशीन हलवताना कंपनीच्या माणसाला बोलावलं नाही. आपलंच मशीन, आपणच उचलू, म्हणून दुकानातल्या लोकांनी ते उचललं.

आता बघा. गाडीचं तोंड पूर्वेला, म्हणजे तिची डावी बाजू उत्तरेला. पुढचं डावं चाक नेमकं ईशान्य कोपऱ्यात, सगळ्यात खाली. गाडी तिकडे कलते. मशीनला वाटतं, डाव्या चाकाचं डोकं बाहेर झुकलं आहे. प्रत्येक गाडीचं. नव्या कोऱ्या गाडीचंसुद्धा.

आणि दुकानाला गुण आला. येणारच होता. येणाऱ्या प्रत्येक गाडीत दोष निघत होता, आणि स्क्रीनवर लाल दिसल्यावर नको म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. अण्णा दर गुरुवारी ईशान्य कोपऱ्यात उदबत्ती लावायचे. त्यांच्या श्रद्धेवर माझा राग नाही. त्यांना खरोखरच वाटत होतं की घरावरचं सावट गेलं. माझा राग ज्यांना कळत होतं त्यांच्यावर आहे.

मला कळायला दोन महिने लागले. मी फार बोलत नसल्यामुळे बघत असते. बघता बघता लक्षात आलं की अल्टो असो, बोलेरो असो, साखर कारखान्याची जीप असो, डावं चाक तेवढंच बाहेर. मी एकदा हळूच म्हटलं, "दादा, सगळ्यांचं डावंच कसं?"

"सांगलीचं खड्डं डाव्या अंगालाच असत्यात," ते म्हणाले आणि सगळे हसले.

एका रविवारी दुकान धुवायला म्हणून मी लवकर आले. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणली होती. नळीत पाणी भरायचं, एक टोक इकडे धरायचं, एक तिकडे. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं, पाण्याला खोटं बोलता येत नाही. पुढच्या चाकांखालच्या दोन प्लेटांमधला फरक माझ्या आडव्या बोटाएवढा आला. मी तीन वेळा मोजलं. मग नळी गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि फरशी धुतली. पाणी झरझर ईशान्येला गेलं.

सोमवारी चहाच्या वेळी संपतदादांना एकटं गाठून सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"फरशी वतली तवाच. एवढी वर्सं काय ढोरं राखली का मी?"

"मग अण्णांना सांगितलं का नाही?"

"सांगून बघ की तू. त्येला म्हणावं, तुझा पाय बरा झाला, धंदा चालू झाला, आता ही फरशी फोड." ते उठले. "नवी हाईस. गप ऱ्हा. गाडीला दोन-चार केस इकडं-तिकडं झालं तर कोण मरत न्हाई."

मी गप्प राहिले. मला वाटत होतं की मी नीट शब्द जुळवते आहे. एकदा वाक्य तयार झालं की बोलेन. चार महिने मी वाक्य तयार करत होते.

मधल्या काळात जे झालं त्यातलं एकच लिहिते. इस्लामपूरहून एक शिक्षिका यायच्या. गाडी छोटी, नवीन, आई-वडिलांना घेऊन हिंडायला घेतलेली. आम्ही तिचा डावा लेग, म्हणजे चाकाला उभं धरणारा दांडा, वाकवून स्क्रीन हिरवी केली. आठ दिवसांत त्या परत आल्या. गाडी उजवीकडे ओढत होती. ओढणारच, कारण सरळ असलेलं चाक आम्ही आत झुकवलं होतं. संपतदादांनी सांगितलं, टायरमध्ये दोष आहे. मॅडमचा विश्वास बसेना. दुकानात बाई मी एकटीच, म्हणून त्या काउंटरवर आल्या आणि माझ्याजवळ वाकून म्हणाल्या, "तू सांग गं, खरं काय आहे ते. तू शिकलेली दिसतेस."

मी म्हणाले, "टायर बदलून बघा, मॅडम."

त्यांनी बदलले. नंतर आल्या नाहीत. त्यांचा नंबर जॉबकार्डवर होता. परवा, म्हणजे हे लिहायच्या आधी, मी फोन करून त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

आता ॲम्बॅसिडर.

ती कोरेगावच्या आबांची. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पाठ अजून ताठ. गाडी दुधाच्या सायीच्या रंगाची, आरशासारखी पुसलेली. बरोबर काकू. त्या नेहमी मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसतात, मांडीवर पिशवी घेऊन. पुढे बसत नाहीत, कारण पुढून आबांचं ड्रायव्हिंग दिसतं.

"साठच्या वर गेली की थरथरती," आबा म्हणाले. "आन् टायरला करवतीवानी दातं पडल्यात. साताऱ्यात तिघांनी बघितली. तिघं बी म्हणाले, विकून टाका."

"आणि पोरगा चौथा," काकू म्हणाल्या.

मुलगा पुण्याला. त्याने सांगून ठेवलं होतं की कॉम्प्युटरचा रिपोर्ट ठीक आला तरच गाडी चालवायची, नाहीतर दिवाळीला येऊन तो ती भंगारात देणार. आबांनी हे हसत सांगितलं, पण बोलताना त्यांचा हात बॉनेटवरच होता.

अशा गाड्या आमच्याकडे क्वचित येत. मशीनच्या यादीत तिचं नावच नव्हतं. अण्णांनी ती माझ्यावर ढकलली, "कॉन्व्हेंटला द्या, हिला वाचायचा नाद आहे." आबांनी डिकीतून एक पुस्तक काढलं, गाडीबरोबर मिळालेलं, खाकी पुठ्ठ्यात बांधलेलं. मी ते त्या रात्री घरी नेलं आणि सकाळी काम सुरू केलं.

जुन्या गाडीचं अलाइनमेंट कोनांपासून सुरू करायचं नसतं. आधी ढिलं काय आहे ते शोधायचं. चाक उचलून वर-खाली हलवलं तर डाव्या चाकात खडखड होती. त्या चाकाखाली आटे पाडलेली एक पिन असते, तिच्यावर चाक वळतं, आणि तिला सतत ग्रीस लागतं. आबा दर रविवारी स्वतः ग्रीस मारत. मग पिन झिजली कशी? मी ग्रीस आत सोडायचं निपल खरवडलं. त्यावर गंज न लागण्यासाठी मारलेल्या काळ्या रंगाचा थर होता. मागे कधीतरी गाडी रंगवली तेव्हा त्याचं तोंड बुजलं होतं. आबांचं ग्रीस वर्षानुवर्षं बाहेरच सांडत होतं आणि पिन कोरडीच फिरत होती.

"म्हंजे मी दर ऐतवारी फरशीलाच ग्रीस पाजलं," आबा म्हणाले.

"मी सांगत होते फरशी चिकट होतीय," काकू म्हणाल्या.

पिन साताऱ्यातल्या एका जुन्या दुकानात मिळाली. मालकाने ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलीच काढली. मी एसटीने जाऊन घेऊन आले. दुसरी गोष्ट टायरची. पुस्तकात लिहिलेला टो त्या काळच्या नायलॉन टायरसाठी होता. ते टायर चालताना बाहेर पसरायला बघतात, म्हणून चाकांची टोकं आत जास्त वळवून ठेवत. आबांनी आताचे, रेडियल टायर घातले होते आणि साताऱ्यातल्या कुणीतरी पुस्तक प्रमाण मानून टो तेवढाच ठेवला होता. रेडियलला तेवढा लागत नाही. म्हणून करवतीचे दात. मी सुतळ्या ताणल्या, टो कमी केला. संपतदादांनी एकदा खाली बसून पट्टी लावली, काही न बोलता उठले. त्यांच्याकडून ती शाबासकी असते.

मग आम्ही आष्ट्यापर्यंत जाऊन आलो. आबा चालवत होते, मी शेजारी, काकू मागे. सरळ पट्ट्यावर आबांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. गाडी रेघेसारखी गेली. काकू मागून म्हणाल्या, "हात ठेवा आता."

गाडीचं काम तिथे संपलं होतं. राहिला होता कागद.

पुस्तकातले आकडे हाताने भरून गाडी मशीनवर चढवल्यावर डावं चाक लाल आलं. ईशान्य कोपऱ्यात दुसरं काय येणार? अण्णांनी आबांना सांगितलं, "थोडं किरकोळ राहिलंय, तुम्ही जेवून या." आणि मग ते भिंतीपलीकडचं बोलणं.

मी काउंटरवर तशीच उभी राहिले. तापवलेलं लोखंड वाकतं, हे खरं. पण घडीव पोलादाला एकदा लाल केलं की त्याची मूळ ताकद जाते. दिसायला तेच दिसतं. एखाद्या खड्ड्यात, वर्षाने किंवा महिन्याने, ते तुटू शकतं, आणि खालचा हात तुटला की चाक वाटेल तिकडे पडतं. असा हात आता नवा मिळत नाही. आणि त्या चाकाच्या मागे काकू बसतात.

मला राग संपतदादांचा आला. नंतर अण्णांचा, त्या वास्तूवाल्याचा, पुण्याच्या मुलाचा. सगळ्यांचा येऊन गेल्यावर जो उरला तो माझा होता. कारण बाकीचे सगळे आपापल्या परीने काहीतरी करत होते आणि मी वाक्य जुळवत होते.

आत गेले. संपतदादांनी चाक काढलं होतं आणि टॉर्च पेटवला होता. ज्योत अजून पिवळी होती. मी सिलिंडरजवळ गेले आणि चावी फिरवून बंद केली. ज्योत फट् करून विझली.

"अगं ए," ते म्हणाले. "हात भाजून घ्यायचाय व्हय?"

मी चावी तशीच धरून उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आवाज खाली केला. "पोरी, जा काउंटरला. तुझं नाव येत न्हाई ह्यात. मी करतोय न्हवं?"

"दादा, तुम्हाला माहीत आहे."

"म्हाईत हाय म्हणूनच म्हणतोय. थोडं वाकवीन. कुणाला कळणार न्हाई."

तेवढ्यात अण्णा आले, आणि त्यांच्या मागोमाग आबा आणि काकू. खानावळ बंद होती म्हणून ते लवकर परतले होते. आबांनी काढलेलं चाक बघितलं, जॅकवर उचललेली गाडी बघितली, संपतदादांच्या हातातला टॉर्च बघितला. फौजी माणूस, त्यांना विचारायला वेळ लागला नाही.

"ही आग कशाला?"

"किरकोळ हाय हो आबा," अण्णा म्हणाले. "डाव्या चाकात जरा फरक दाखवतोय. गाडी जुनी. लोखंड बसलंय. आत्ता करून देतो, कागद हिरवा घेऊन जावा."

आबा माझ्याकडे वळले. "तू तर म्हणालीस झालं म्हणून."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला नेहमी वाटायचं की असा प्रसंग आला तर आवाज फुटणार नाही. फुटला, पण माझा वाटला नाही. जरा उंच आणि कोरडा होता. तयार केलेल्या वाक्यांपैकी एकही आठवलं नाही.

मी म्हणाले, "गाडीत दोष नाही, आबा. दोष आमच्या जमिनीत आहे. अण्णा, ही फरशी ईशान्येला उतरती आहे, म्हणून इथे चढेल त्या गाडीचं डावं चाक लाल दिसतं. आपण सरळ गाड्या वाकवल्या. मी पाण्याची नळी लावून मोजलंय, चार महिन्यांपूर्वी, आणि चार महिने मी गप्प बसले. दादा, ते चाक परत लावा, नाहीतर मी लावते. आणि आबा, हिरवा कागद मी तुम्हाला देणार नाही. तुमच्या मुलाचा नंबर द्या, त्याच्याशी मी बोलते."